होकाराला लागणारा वेळ

२०२१ साली, ग्लासगोची हवामान परिषद तोंडावर आलेली असताना, महाराष्ट्र सरकारने जाहीर केलं की राज्यातली ४३ ‘अमृत’ शहरं ‘रेस टू झीरो’ या मोहिमेत उतरत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने जून २०२० मध्ये सुरू झालेली ही जागतिक मोहीम. शहरं, कंपन्या, विद्यापीठं यांनी आपणहून तीत यायचं आणि उशिरात उशिरा २०५० पर्यंत आपलं कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं वचन द्यायचं. सक्ती नाही. वचन मोडलं तर दंडही नाही.

‘अमृत’ शहरांमध्ये चंद्रपूर आहे. म्हणजे ज्याच्या उशाशी २,९२० मेगावॉटचं कोळशावर चालणारं वीज केंद्र आहे आणि ज्याच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, ते माझं शहर निव्वळ शून्याच्या शर्यतीत आहे. मला हे कळलं ते बऱ्याच नंतर, पुण्यात बसून, फोनवर दुसरंच काहीतरी शोधताना. घरी विचारलं तर आईला माहीत नव्हतं, शेजारच्या काकांनाही नव्हतं. मोहीम चांगली की वाईट, हा प्रश्न पुढचा. मला आधी पडलेला प्रश्न साधा होता: आपल्या वतीने ‘हो’ कोण म्हणालं?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे ‘हो’ म्हणवून घेण्याचा धंदा मला आतून माहीत आहे. ‘मला अटी मान्य आहेत’ असं लिहिलेला एक छोटा चौकोन आणि त्याखाली मोठं रंगीत बटण. त्या बटणापर्यंत माणूस जितक्या लवकर पोचेल तितकं आमचं काम चांगलं. अटी उघडून वाचत बसलेला माणूस आमच्या आलेखात गळती म्हणून दिसतो.

याच जुन्या चांदा जिल्ह्यात मात्र असं एक गाव आहे, ज्याने गेली चाळीस वर्षं प्रत्येक अट वाचली. सरकारी योजना असो, कायदा असो की विनोबांच्या विचारातून आलेला कार्यक्रम असो, आधी बसून अभ्यास केला, मग होकार दिला, आणि होकार दिल्यावर त्याची किंमत मोजली. स्वेच्छेने सामील होणं म्हणजे काय असतं, हे समजून घ्यायचं तर त्या गावाचा इतिहास वाचावा लागतो. शहराकडे नंतर येऊ.

जंगल कोणाचं

चंद्रपूरहून गडचिरोली साधारण ऐंशी किलोमीटर. तिथून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर, कठाणी नदीजवळ, मेंढा हे गाव आहे. लेखा हे शेजारचं गाव, म्हणून ओळख मेंढा (लेखा) अशी. वस्ती गोंडांची, लोकसंख्या पाचशेच्या आतबाहेर, आणि गावाभोवती सुमारे १,८०० हेक्टर जंगल. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधी हे सगळं चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. त्यामुळे मेंढ्याची गोष्ट आणि माझ्या शहराची गोष्ट एकाच जिल्ह्याच्या पोटात सुरू होते.

इथली जंगलं पूर्वी जमीनदारांच्या ताब्यात होती. स्वातंत्र्यानंतर, हा भाग मध्य प्रदेशात असताना, १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली आणि जंगल सरकारकडे आलं. लाकूडफाटा, चराई, घरापुरता बांबू, मोहफुलं अशा गावाच्या गरजांना इकडे निस्तार म्हणतात. निस्ताराचे हक्क नोंदवले गेले, पण जंगलाची मालकी वनविभागाची. गावकरी आपल्याच जंगलात परवानगी मागत फिरू लागले. दुसरीकडे बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात राहिला. ज्या जंगलातून गावकऱ्याने टोपलीसाठी बांबू आणला तर तो चोर ठरे, त्याच जंगलातून ट्रक भरून बांबू बाहेर पडे.

१९८० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे इंद्रावती-गोदावरीवरच्या भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली धरणांचा प्रस्ताव. या धरणांखाली मोठं जंगल आणि कितीतरी आदिवासी गावं जाणार होती. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, आणि चांद्याचे माजी खासदार, पानाबारसचे लालश्याम शहाही होते. धरणं बारगळली. पण त्याहून टिकाऊ गोष्ट अशी झाली की गावांना एक अनुभव मिळाला: वरून आलेल्या योजनेला नाही म्हणता येतं आणि ते ऐकलंही जातं.

दुसरी गोष्ट मेंढ्यातली. गावातल्या तरुणांनी जंगलातलं लाकूड आणून घोटुल बांधलं. घोटुल म्हणजे तरुण मुलामुलींनी एकत्र येण्याची, शिकण्याची, नाचगाण्याची जागा. गोंड समाजाची जुनी संस्था. वनविभागाच्या दृष्टीने लाकूड बेकायदा होतं. पोलीस बंदोबस्तात घोटुल पाडलं गेलं. त्यानंतर परिसरातल्या ३२ गावांची बैठक झाली, मेंढ्याने घोटुल पुन्हा बांधलं, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी बारा गावांनी आपापली घोटुलं उभी केली. लाकूड लपवून आणलं नव्हतं. हे आमच्या हक्काचं आहे, असं उघड सांगून आणलं होतं.

इथून पुढच्या मेंढ्यात दोन नावं सतत भेटतात. एक गावातले देवाजी तोफा. दुसरे मोहन हिराबाई हिरालाल, जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेले आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचं काम करणारे. आईचं आणि वडिलांचं, दोघांचंही नाव लावणारे मोहनभाऊ गावाला काही द्यायला आले नव्हते. सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेणारं गाव खरंच असू शकतं का, हे त्यांना शिकायचं होतं.

सगळ्यांचा होकार

मेंढ्याची घोषणा आता बऱ्याच जणांना माहीत आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. गोंडीत याचं आणखी आटोपशीर रूप आहे, ‘मावा नाटे मावा राज’. घोषणा ऐकायला बरी वाटते. तिच्यामागची यंत्रणा मात्र बरीच कंटाळवाणी आहे, आणि खरं काम त्या कंटाळ्यातच झालं आहे.

या यंत्रणेचे दोन भाग. एक ग्रामसभा. मेंढ्यातली ग्रामसभा म्हणजे वर्षातून चार वेळा ग्रामसेवकाने सह्या गोळा करायची सभा नव्हे, गावातल्या सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांची बैठक. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एखाद्याचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो, पुन्हा बोललं जातं.

दुसरा भाग अभ्यासगट. इथे निर्णय होतच नाहीत. ज्याला एखाद्या विषयाची ओढ आहे त्याने यावं, बाहेरच्या जाणकाराला बोलवावं, वनखात्याचा अधिकारी असो की विद्यापीठातला प्राध्यापक, त्याला प्रश्न विचारावेत, कायदा वाचावा, त्यातला शब्द न् शब्द सोडवावा. ग्रामसभेसमोर प्रश्न येईपर्यंत त्याची माहिती गावात पुरेशी फिरलेली असते. बाहेरचा माणूस माहिती देऊ शकतो, निर्णयात त्याचा आवाज नाही.

माहिती मिळवणं आणि निर्णय घेणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची ही रीत मला सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याकडे बहुतेक सभांमध्ये दोन्ही एकाच तासात उरकतात. सादरीकरण होतं, टाळ्या होतात, ठराव मंजूर होतो. ज्याने सादरीकरण केलं त्यालाच ठराव हवा असतो.

सर्वसहमतीबद्दल मला शंकाही आहेत, आणि त्या सांगायला हव्यात. छोट्या गावात सगळे एकमेकांचे नातेवाईक. तिथे गप्प बसलेली सून खरंच सहमत असते का? एकाच्या हट्टापायी चांगला निर्णय वर्षभर अडकत नाही का? अडकतो. मेंढ्याने ती किंमत मान्य केली. त्यांचा हिशेब असा की ५१ विरुद्ध ४९ ने झालेला निर्णय पाळायला पोलीस लागतो, आणि जंगलात प्रत्येक झाडामागे पोलीस उभा करता येत नाही. जंगल राखायचं तर रात्री कुऱ्हाड घेऊन जाऊ शकणाऱ्या शेवटच्या माणसालाही नियम पटलेला हवा. स्त्रियांचं म्हणाल, तर दारूच्या प्रश्नावर त्या बोलत्या झाल्या. दारूबंदी हा ग्रामसभेच्या सुरुवातीच्या ठरावांपैकी एक. पूजेअर्चेपुरत्या मोहाच्या दारूला मुभा ठेवून तो झाला.

पहिला करार

या गावासमोर स्वेच्छेने सामील होण्याचा पहिला सरकारी कार्यक्रम आला तो संयुक्त वनव्यवस्थापनाचा. १ जून १९९० रोजी केंद्र सरकारने राज्यांना परिपत्रक पाठवलं आणि मार्च १९९२ मध्ये महाराष्ट्राने त्याचा शासन निर्णय काढला. कल्पना अशी: गावाने समिती करावी, जंगल राखावं, आणि त्या बदल्यात उत्पन्नातला वाटा घ्यावा. मालक वनविभागच.

कागदावर योजना ऐच्छिक होती. पण तिच्यात एक मेख होती. ती उजाड झालेल्या जंगलासाठी होती. मेंढ्याचं जंगल उभं होतं, दाट होतं, मिश्र झाडांचं होतं. म्हणजे ज्या गावाने जंगल राखलं ते अपात्र, आणि ज्याचं जंगल उजाड झालं ते पात्र! गावाने पाठपुरावा सोडला नाही, आणि अखेर उभ्या नैसर्गिक जंगलासह संयुक्त वनव्यवस्थापनात आलेलं राज्यातलं ते पहिलं गाव ठरलं.

कोणी म्हणेल, एवढ्या स्वाभिमानी गावाला वनखात्याशी भागीदारी कशाला हवी होती? मला ते शहाणपणाचं वाटतं. त्या वेळी कायद्यात याहून चांगलं काही नव्हतं. भागीदारीमुळे गावाला जंगलात उभं राहायला कायदेशीर जागा मिळाली. जंगलाला आग लावायची नाही, अतिक्रमण करायचं नाही, ग्रामसभेला विचारल्याशिवाय तिथून काही न्यायचं नाही, हे नियम गावाने केले आणि ते मोडणाऱ्याला अडवण्याचा आधार मिळवला. पण वाटा म्हणजे हक्क नव्हे, हेही अभ्यासगटात स्पष्ट होतं. वाटा देणारा मालक असतो, आणि देणारा कधीही हात आखडता घेऊ शकतो.

म्हणून वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ पासूनचे. त्यात पहिल्यांदा मान्य केलं गेलं की जंगलात राहणाऱ्यांवर इतिहासात अन्याय झाला आहे, आणि गावाला सामूहिक वनहक्क मागता येतो: जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा, गौण वनोपज गोळा करून विकण्याचा. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा यांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. देशात हे पहिल्यांदाच घडत होतं.

तरी बांबू अडला. वनखात्याचं म्हणणं, बांबू हे झाड आहे. वनस्पतिशास्त्र म्हणतं, बांबू हे गवत आहे. १९२७ चा वन कायदा बांबूला झाडांत मोजत होता. वनहक्क कायद्याने त्याला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज म्हटलं. एका शब्दावर गावाचं उत्पन्न लटकलं होतं, कारण बांबू तोडला तरी वाहतूक परवान्याशिवाय तो विकत कोण घेणार? मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपजच असल्याचं कळवलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसोबत मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढच्या हंगामात बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली.

जमीन देऊन टाकण्याचा ठराव

इथे गोष्ट संपली असती तर ती यशोगाथा झाली असती. पण पैसा हाती आल्यानंतर मेंढ्याने जो निर्णय घेतला, तो मला सगळ्यात अवघड वाटतो. २०१३ मध्ये ग्रामसभेने ग्रामदानाचा ठराव केला.

ग्रामदान हा शब्द आपल्या पिढीने फारसा ऐकलेला नाही. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना पहिलं भूदान मिळालं. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठ गावाने अख्ख्या गावाची जमीन दिली आणि भूदानाचं ग्रामदान झालं. कल्पना अशी की गावकऱ्यांनी जमिनीची खासगी मालकी स्वेच्छेने गावाकडे सोपवायची. १९६५ च्या सुमारास विनोबांनी ‘सुलभ ग्रामदान’ मांडलं: विसावा हिस्सा भूमिहीनांना द्यायचा, उरलेली जमीन पूर्वीसारखी कसायची, मुलाबाळांनी पुढे कसायची, पण गावाबाहेर विकायची नाही. महाराष्ट्रात १९६४ पासून त्याचा कायदा आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी देशात लाखाहून जास्त गावं ग्रामदानी झाल्याचे आकडे दिले जात होते. बिहारमध्ये तर जिल्हेच्या जिल्हे आणि अखेर अख्खा प्रांत ‘दान’ झाल्याचं जाहीर झालं. प्रत्यक्षात कायद्याने पक्की झालेली गावं त्यातली फारच थोडी. घोषणा झाल्या, सह्या झाल्या, कार्यकर्ते पुढच्या गावाला गेले, आणि जमीन जिथल्या तिथे राहिली. हेतू शुद्ध होता, विनोबांची तपश्चर्या खरी होती, पण मोहीम संख्येच्या मागे लागली. उद्दिष्ट आकड्यात मांडलं की होकार गोळा करण्याची घाई होते, आणि घाईत गोळा केलेला होकार कोणालाच बांधत नाही.

त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने, ग्रामदानाची लाट केव्हाच ओसरलेली असताना, मेंढ्याने ते उचललं. कोणी प्रचारक दारात उभा नव्हता. अनेक वर्षं गावात यावर बोलणं चाललं होतं. प्रश्न व्यवहारी होते. बांबूचा पैसा आला, रस्ता आहे, उद्या जमिनीला भाव येईल. एखाद्याने अडचणीत सापडून जमीन बाहेरच्याला विकली तर जंगलाच्या मध्यात बाहेरचा मालक येऊन बसेल, मग सर्वसहमतीचं काय? शिवाय मेंढा हे लेखा गटग्रामपंचायतीतलं एक गाव. ग्रामदान कायद्याखाली गावाला स्वतःचा कारभार स्वतः करण्याची वाट मिळत होती. दुसऱ्या बाजूला भीतीही खरी होती. सातबारावरचं नाव जाणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. बँक कर्ज देईल का? मुलगा शहरात गेला आणि परत आला तर? असे प्रश्न एकेका घराचे असतात आणि घाई केली तर ते घरातच राहतात.

गावाने जंगल सामूहिक केलं होतं, आता शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचं ठरवलं. ठरावाला कायद्याने मिळायला हवी ती मान्यता मिळवण्यासाठी पुढे दशकभर पाठपुरावा करावा लागला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. स्वेच्छेने पुढे आलेल्या गावाला सरकारने ताटकळत ठेवलं, हा विरोधाभास लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे ऐच्छिक योजनांना संख्या हवी असते. अटी वाचून, अधिकार मागत आलेलं एखादं गाव मात्र अडचणीचं वाटतं.

आणि नकाराचं काय? त्यासाठी गडचिरोलीतून परत चंद्रपूर जिल्ह्यात यावं लागेल. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे या भागातलं उन्हाळ्यातलं हमखास रोख उत्पन्न. पण पानं चांगली फुटावीत म्हणून झाडं छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात. पाचगावच्या ग्रामसभेने तेंदू तोडणं थांबवलं, आणि बांबूवर भर दिला. हातात आलेलं उत्पन्न नाकारण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, त्याच्याच होकाराला वजन असतं.

आता शहर

मेंढ्याला जंगलाचा हक्क मिळाला त्याच २००९ सालच्या डिसेंबरमध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक जाहीर केला. चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण होते. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त वाईट, आणि आमचा देशात चौथा क्रमांक होता. जानेवारी २०१० मध्ये अतिप्रदूषित क्षेत्रांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबवण्यात आल्या, मग कृती आराखडा झाला, मग बंदी उठली. २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला. त्याच्या यादीत चंद्रपूर होतं, कारण हवेतली धूळ सलग काही वर्षं मर्यादेबाहेर होती. २ ऑक्टोबर २०२० ला राज्याचं ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं: पृथ्वी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पंचतत्त्वं, प्रत्येकाला गुण, स्थानिक संस्थांमध्ये स्पर्धा, आणि नागरिकांसाठी ऑनलाइन शपथ. आणि २०२१ मध्ये निव्वळ शून्याची शर्यत.

बारा वर्षांत एवढ्या याद्या, आराखडे आणि शपथा. यातलं एकही शहराने अभ्यास करून, चर्चा करून निवडलेलं नाही. काहींत प्रदूषणामुळे नाव आलं, काहींत लोकसंख्येमुळे. वाईट त्यात काही नाही. हवा मोजली गेली, निधी आला, झाडं लागली. पण निव्वळ शून्याचं वचन वेगळ्या जातीचं आहे. ते शहराने आपणहून दिलं, असं त्याच्या नावातच गृहीत आहे.

मग हिशेब मांडू. वीज केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्य सरकारच्या कंपनीचं. बहुतेक खाणी वेकोलिच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनीच्या. केंद्रातला एखादा संच बंद करायचा की चालू ठेवायचा, हे चंद्रपूरची महापालिका ठरवू शकत नाही. तिच्या हातात काय आहे? कचरा, पथदिवे, शहर बस, सांडपाणी, बांधकाम परवाने, तलाव, झाडं. एवढ्या बळावर निव्वळ शून्याचं वचन द्यायचं असेल तर दोनच अर्थ निघतात. एक तर वीज केंद्र हिशेबात धरलेलं नाही, आणि मग ते शून्य चंद्रपूरच्या माणसाला श्वासात जाणवणारं नाही. किंवा ते धरलेलं आहे, आणि मग वचन देणाऱ्याकडे ते पाळण्याचा अधिकारच नाही.

मेंढ्याने हा प्रश्न उलट्या टोकाने सोडवला. आधी अधिकार मागितला, मग जबाबदारी घेतली. जंगल आमचं म्हणून नोंदवा, मग आम्ही राखतो. जंगल राखण्याची शपथ आधी आणि हक्क नंतर, असा सौदा त्यांनी कायमचा मान्य केला नाही. संयुक्त वनव्यवस्थापन ही त्यांच्यासाठी वाटेतली पायरी होती.

पाचशे माणसांचं गाव आणि २०११ च्या जनगणनेत तीन लाख वीस हजारांचं शहर यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. सव्वातीन लाख माणसं घोटुलात बसू शकत नाहीत. सर्वसहमती शहरात चालणार नाही. पण अभ्यासगट चालेल. त्याला ठराव लागत नाही, निधी लागत नाही, निवडणूक लागत नाही. महापालिकेच्या कायद्यात प्रभाग समित्या आहेत, २००९ पासून क्षेत्रसभांची तरतूदही आहे. कागदावर तर चौकटी आहेतच. २०१७ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि नंतर काही वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला, तेव्हा विचारायला नगरसेवकही नव्हता. अशा वेळी अभ्यासगटच उरतो.

शहरात आपणहून काम करणारी माणसं नाहीत, असंही नाही. गोंडकालीन चंद्रपूरला ११ किलोमीटरचा परकोट आहे. मार्च २०१७ पासून ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी तो साफ करायला सुरुवात केली. झुडपं, कचरा, माती, शेकडो दिवस. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला तेव्हा दोनशे दिवस होऊन गेले होते. त्या कामाला गुणपत्रिका नव्हती. आपलं काय आहे हे ज्यांना कळलं, त्यांना शपथ घ्यावी लागली नाही.

मला वाटतं, चंद्रपूरच्या अभ्यासगटाने पहिल्या बैठकीत तीनच प्रश्न घ्यावेत. आपण नेमकं कशाचं वचन दिलं आहे, म्हणजे कोणतं उत्सर्जन मोजणार आणि कोणतं सोडणार? त्यातलं किती आपल्या हातात आहे, आणि जे नाही ते कोणाकडे मागायचं? आणि कोळसा खरंच थांबला तर खाणीत, केंद्रात, राखेच्या ट्रकवर, केंद्राबाहेरच्या चहाच्या टपरीवर काम करणाऱ्यांचं काय? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण तो घराघरातला आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरं कोळशाच्या पगारावर चालत होती. त्यांना न विचारता दिलेला होकार ते का पाळतील? आणि त्यांना विचारलं, तर ते कदाचित म्हणतील की आम्ही तयार आहोत, पण आधी अमुक द्या. तशा अटी घालणं म्हणजे पर्यावरणाला विरोध नव्हे. मेंढ्यानेही अटी घातल्या होत्या.

२०५० साली मी पन्नाशी ओलांडलेली असेन. शहर शून्यावर पोचलं का, हे तेव्हा कोणीतरी विचारेल. मेंढ्यात असा प्रश्न आला तर ग्रामसभेचं इतिवृत्त काढता येतं: कोणत्या तारखेला, कोणता ठराव, कोण हजर होतं. आमच्या शहराला तसं पान अजून लिहिता येईल. एकोणतीस वर्षांच्या मुदतीतली चार-पाच वर्षं संपली आहेत, तरीही अटी वाचायला पुरेसा वेळ शिल्लक आहे.